डीसी लोकल एसी-डीसी करायची म्हणजे नेमकं काय?

ट्रान्सफॉर्मर बसवला की जुनी लोकल डीसी (एकाच दिशेने वाहणारी) आणि एसी (सतत दिशा बदलणारी) या दोन्ही विजांवर चालते, मग एवढे रेक (डब्यांचे अख्खे संच) भंगारात का घातले, असा तुमचा प्रश्न. कारशेडमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर. जुन्या रेकच्या मोटरी ही वीज रेझिस्टन्समधून (वीज अडवणाऱ्या पट्ट्यांमधून) थेट घ्यायच्या आणि गाडीने वेग घेतला की कॅमशाफ्ट (स्विचांची उघडझाप करणारा फिरता दांडा) एकेक रेझिस्टन्स बाजूला काढायचा. तिथे 25,000 व्होल्ट एसी शिरली तर सगळं जळून खाक. म्हणून आधी ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवायचं, रेक्टिफायरने डीसी करायची. पुढचं काम जुन्याच मोटरींचं. इथवर तुमचं बरोबर आहे.

पण ट्रान्सफॉर्मरचं वजन काही टन, आणि डब्याखाली कॉम्प्रेसर, रेझिस्टन्सच्या पेट्या आधीच दाटीवाटीने बसलेल्या. छतावरचे इन्सुलेटर मोठे लागतात, वीज जोडणारे-तोडणारे ब्रेकर दोन लागतात. सगळ्यात नाजूक म्हणजे वरच्या तारेत कोणती वीज आहे ते ओळखणारी यंत्रणा. ती खात्री होईपर्यंत ब्रेकर जोडला जाताच कामा नये. चाचणीत आमचा जीव तिथेच टांगलेला असायचा.

डेड सेक्शनचा (दोन विजांच्या मधल्या, वीज नसलेल्या तारेच्या तुकड्याचा) बोर्ड आला की मोटरमन हँडल शून्यावर आणून ब्रेकर उघडायचा. डब्यातले दिवे जायचे, पंखे मंदावत थांबायचे, खाली फक्त चाकांचा खडखडाट. पलीकडे दिवे लागले की मी श्वास सोडायचो.

हा खटाटोप का? 3,000 किलोवॅटसाठी 1500 व्होल्टवर 2,000 अँपिअर ओढावे लागतात, 25,000 वर साधारण 120. त्यामुळे सबस्टेशनं कमी लागतात, वाढत्या गाड्याही पेलतात. पण मुंबईची लोकल बंद ठेवून तारा बदलणं अशक्य. पश्चिम रेल्वेचा लोकल मार्ग 2012 मध्ये पूर्ण एसी विजेवर आला, हार्बर मार्ग थेट एप्रिल 2016 मध्ये. मधल्या काळात एकाच फेरीत दोन्ही विजांखालून जाणारी गाडी हवीच होती, आणि बदललेल्या जुन्या रेकनीही तो भार उचलला. त्यांची आठवण कोणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता भंगाराचं. डब्याचं आयुष्य साधारण 25 वर्षं. खारी हवा आणि पावसाचं पाणी यांनी फ्रेम आतून खाल्लेली असते. दाराजवळचा पत्रा हातोडीने ठोकला की आवाजावरून कळायचं. तो बद वाजला, तर त्या डब्याखाली नवा ट्रान्सफॉर्मर टांगू नये, असंच मी आजही सांगेन.