2 जीबी रॅमच्या मोबाइलवर टर्मक्समधलं पायथॉन मधेच का बंद पडतं?

तुम्ही लिहिलंय: सोलापूरच्या टॉवेल कारखान्याच्या विक्रीची पाच लाख ओळींची सीएसव्ही, ग्राहकवार बेरीज हवी. टर्मक्समध्ये (अँड्रॉइडवर लिनक्ससारख्या कमांड चालवणारं साधन) पांडाज ही तक्ते हाताळणारी पायथॉन लायब्ररी बसवताना ‘किल्ड’ (काम मधेच मारलं गेलं) आणि नुसती फाइल वाचली तरी ‘किल्ड’. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पिपला, म्हणजे पायथॉनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाला, टर्मक्ससाठी तयार पांडाज सापडलं नाही की ते मूळ कोडपासून फोनवरच कंपाइल करायला बसतं आणि कंपायलरच रॅम संपवतो. बेरजेसाठी पांडाज लागतच नाही, सोडून द्या. नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी हवीच असेल तर पिपने नको, टर्मक्सच्या स्वतःच्या पीकेजी कमांडने घ्या. तिथे ते तयार मिळतं.

खरी गोम दुसऱ्या दुखण्यात आहे. आठ रकाने, प्रत्येकात दहाएक इंग्रजी अक्षरं धरली तर फाइल 45 एमबीच्या आसपास. पण 64-बिट पायथॉनमध्ये दहा अक्षरांच्या एका स्ट्रिंगला 64 बाइट लागतात, यादीतल्या तिच्या पत्त्याला आणखी 8. अशा 40 लाख स्ट्रिंग म्हणजे जवळजवळ 290 एमबी, वर पाच लाख याद्यांचा बोजा वेगळा. सॉर्ट करून नवी यादी केलीत की त्यात भर. ग्राहकांची नावं देवनागरीत असतील तर दर अक्षरचिन्हाला दोन बाइट. 2 जीबीतला मोठा वाटा अँड्रॉइडच खातं. ‘फ्री’ कमांड देऊन ‘अव्हेलेबल’ रकाना बघा, तेवढंच तुमचं.

म्हणून सगळी फाइल एकदम मेमरीत ओढणारं ‘रीडलाइन्स’ नको, सीएसव्ही रीडरभोवती ‘लिस्ट’ही नको. मागावर बीमच्या रुळावरचं सूत लागेल तसंच उलगडतं, तशी फाइल वाचा: सीएसव्ही रीडरवर साधा ‘फॉर’, एक ओळ घ्या, डिक्शनरीत त्या ग्राहकाच्या बेरजेत रक्कम मिळवा, पुढे चला. मग मेमरीत फक्त जेवढे ग्राहक तेवढ्या नोंदी राहतात. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश अपूर्णांकात, रक्कम तंतोतंत बसत नाही. फाइल एक्सेलमधून यूटीएफ-8 म्हणून आली असेल तर एन्कोडिंग ‘यूटीएफ-8-सिग’ द्या, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला अदृश्य चिन्ह चिकटतं आणि ‘की एरर’ येतो.

तारखेनुसार पुन्हापुन्हा शोधायचं असेल तर एसक्यूलाइट हा एका फाइलीतला छोटा डेटाबेस वापरा. पायथॉनबरोबर येतंच. दहा हजार ओळींमागे एकदा कमिट (डेटाबेसमध्ये कायमची नोंद) करा. ओळीमागे कमिट केलंत तर तासन्‌तास जातील. डेटाबेस टर्मक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा, डाउनलोड्समध्ये काम रेंगाळतं.

काम चालू असताना व्हॉट्सअ‍ॅप उघडू नका. मेमरी आटली की अँड्रॉइड मागे गेलेल्या अ‍ॅपवर आधी हात टाकतं. टर्मक्सच्या वेक लॉक सोयीने प्रोसेसर जागा राहतो, मेमरी वाचत नाही. आणि ‘सिग्नल 9’ असा संदेश आला, फोन अँड्रॉइड 12 किंवा पुढचा असेल, तर मल्टिप्रोसेसिंग (काम अनेक उपप्रक्रियांत वाटणं) काढून टाका: तिथे सगळ्या अ‍ॅपच्या मिळून 32 उपप्रक्रियांचीच मर्यादा आहे.