गोळ्या सहाव्या दिवशी सोडल्या, आता काय करू?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर मॅडम. मी अंबाजोगाई तालुक्यातला, वय ३६, शेती आहे अन् जोडीला किराणा. वडील मागच्या वर्षी जठराच्या कॅन्सरनं गेले, दहा-बारा वर्षं पित्त पित्त म्हणून मेडिकलवरून गोळ्या आणून खायचे. मलाबी छातीखाली जळजळ व्हायली म्हणून लातूरला दुर्बीण टाकून तपासलं तर एच. पायलोरी नावाचा जठरातला जंतू निघाला, डॉक्टरांनी तीन गोळ्यांचं १४ दिवसांचं किट दिलं. तोंड लई कडू पडायलं, जुलाब लागले, अन् पाचव्या दिवशी जळजळ थांबली म्हणून सहाव्या दिवशी बंद केल्या, त्याला तीन आठवडे झाले. घरचे म्हणायलेत एवढ्या अँटिबायोटिकनं उष्णता होते. राहिलेल्या गोळ्या घेऊ का? आणि ह्यानं कॅन्सर खरंच टळतो का? लई भीती वाटायलीय.

उत्तर: दादा, आधी एक काम करा, राहिलेल्या गोळ्या घेऊ नका, डब्यात ठेवून पुढंमागं कुणाला देऊही नका. किट घेऊन त्याच डॉक्टरांकडं परत जा आणि किती दिवस घेतल्या, का सोडल्या ते खरं खरं सांगा, रागावतील म्हणून लपवू नका.

जळजळ थांबली ती जंतू मेला म्हणून नाही. किटमधली एक गोळी आम्ल कमी करते, तिनं दोन-चार दिवसांतच बरं वाटतं. जंतू मात्र जठराच्या अस्तरावरच्या चिकट थराखाली बसलेला असतो, स्वतःभोवती अमोनिया तयार करून आम्लातही जगतो, म्हणून एकट्या औषधाला तो दाद देत नाही. आम्ल कमी झालं की दोन्ही अँटिबायोटिक नीट काम करतात, आणि एकातून सुटलेला जंतू दुसऱ्यानं मरावा म्हणून दोन. तुम्ही शेतकरी आहात, गुलाबी बोंडअळीचं काय झालं ते तुमच्यापुढं घडलंय, जी अळी मरत नाही तिचीच पुढची पिढी वाढते. अर्धवट कोर्सनं पोटात तेच होतं. आपल्याकडं ह्या जंतूतला बराचसा मेट्रोनिडॅझोल ह्या अँटिबायोटिकला आधीच दाद देत नाही, क्लॅरिथ्रोमायसिन ह्या दुसऱ्या अँटिबायोटिकचाही भरवसा कमी होत चाललाय. म्हणून आता डॉक्टर बहुतेक औषधं बदलून देतील, कदाचित बिस्मथ नावाचं औषध असलेली चार औषधांची जोडणी. तिच्यानं शौचाला काळं होतं, घाबरू नका. पण बिस्मथ चालू नसताना डांबरासारखं काळं झालं, वजन उतरायला लागलं, उलटीत रक्त दिसलं किंवा घास अडकायला लागला तर मात्र वाट बघू नका, लगेच दाखवा.

तोंड कडू पडणं आणि पोट ढिलं होणं हे औषधाचे ठरलेले त्रास आहेत, कोर्स संपला की बहुतेकांचे जातात. आम्लाची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, अँटिबायोटिक जेवणानंतर, आणि किटमध्ये मेट्रोनिडॅझोल असेल तर दारूचा थेंबही नको. पेनिसिलीनची ॲलर्जी असेल किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. जुलाब फारच झाले तर फोन करून विचारा, पण मनानं बंद करू नका.

आता कॅन्सरचं. हा जंतू जठराच्या कॅन्सरचं कारण आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९४ सालीच ठरवलंय. सूज, मग अस्तर पातळ होणं, मग पेशी बदलणं, अशी ही वाट वर्षानुवर्षांची असते, आणि जंतू असलेल्या बहुतेकांना कॅन्सर कधीच होत नाही. पण तुमच्यासारख्या, घरात हा कॅन्सर झालेल्या लोकांवर कोरियात अभ्यास झाला, तो २०२० साली छापून आला, त्यात जंतूचा इलाज मिळालेल्यांत कॅन्सर १.२ टक्के जणांना झाला, न मिळालेल्यांत २.७ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. अस्तर बिघडायच्या आधी जंतू गेला तर फायदा जास्त, आणि तुम्ही ३६ वर्षांचे आहात, म्हणूनच मला हा कोर्स अर्धा राहिलेला सहन होत नाहीये. पूर्ण हमी मात्र कुणी देऊ शकत नाही, आणि तंबाखू-गुटखा असेल तर तो सोडावाच लागेल, तोही जठराच्या कॅन्सरला हातभार लावतो.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबून तपासणी करा, श्वासाची किंवा शौचाची, आणि तिच्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद. ही तपासणी बहुतेक जण टाळतात, तुम्ही टाळू नका. सख्ख्या भावा-बहिणींनाही तपासून घ्यायला सांगा. लहान लेकरांना काही त्रास नसेल तर उगीच तपासत बसू नका.

प्रश्न: मी उदगीरची, वय ५२. वर्षापूर्वी पूर्ण १४ दिवस गोळ्या घेतल्या, परवा रक्त तपासलं तर परत पॉझिटिव्ह. म्हणजे गोळ्या वाया गेल्या का?

उत्तर: नाही ताई, त्या रिपोर्टवरून असं म्हणता येत नाही. रक्तात दिसतात त्या अँटिबॉडी, म्हणजे शरीरानं जंतूशी लढायला तयार केलेली प्रथिनं, जंतू गेल्यावरही त्या बरेच महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात. शौचाची किंवा श्वासाची टेस्ट करा, ती निगेटिव्ह आली तर ह्या रिपोर्टवरून परत गोळ्या घेऊ नका.