वाचकांचे प्रश्न : ग्रीन कार्डाची मुदत संपताना नोकरीचे काय?

प्रश्न : मी न्यू जर्सीतील एडिसन येथे राहते. एका औषधनिर्मिती कंपनीच्या गुणवत्ता विभागात मी नऊ वर्षांपूर्वी रुजू झाले, तेव्हा ओळख आणि काम करण्याचा हक्क तपासण्यासाठीचा आय-९ अर्ज भरताना माझे ग्रीन कार्ड दाखवले होते. दहा वर्षांचे ते कार्ड आता दोन महिन्यांत कालबाह्य होत आहे. अमेरिकेच्या नागरिकत्वासाठीचा एन-४०० अर्ज मी दाखल केला असून त्याची पोचपावती आली आहे, मुलाखतीची तारीख मात्र अद्याप नाही. अशातच एचआर विभागाची ई-मेल आली, की पुढील महिन्याच्या अखेरीपर्यंत नवे कार्ड सादर न केल्यास मला कामावर येता येणार नाही. त्यासाठी मी कार्ड नूतनीकरणाचा आय-९० अर्ज वेगळा करावा का? माझ्या यजमानांची परिस्थितीही जवळपास अशीच आहे, पण ते नोकरी बदलत आहेत आणि नव्या ठिकाणी रुजू होतील तेव्हा त्यांचे कार्ड मुदतबाह्य झालेले असेल. त्यांनी तिथे काय दाखवावे?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : आपल्या दोघांचे प्रश्न सारखे दिसत असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते निराळे आहेत, म्हणून आधी आपला घेतो.

ग्रीन कार्डावर छापलेली मुदत ही त्या कार्डाची असते, आपल्या कायम रहिवासी दर्जाची नव्हे. दहा वर्षांचे कार्ड कालबाह्य झाले म्हणून या देशात राहण्याचा आणि काम करण्याचा आपला हक्क संपत नाही. तो संपायचा तर त्यासाठी स्वतंत्र कायदेशीर कार्यवाही व्हावी लागते. हे सरकारलाही मान्य असल्यामुळेच आय-९ अर्जाविषयी मालकांसाठी जी अधिकृत मार्गदर्शिका आहे, एम-२७४ या नावाने ती ओळखली जाते, तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की नोकरीवर घेताना ज्या कायम रहिवाशाने मुदतीतले ग्रीन कार्ड दाखवले, त्याची कागदपत्रे ते कार्ड पुढे कालबाह्य झाले तरी पुन्हा तपासायची नाहीत. म्हणजे आपल्या एचआर विभागाने जी मागणी केली आहे ती करण्याची त्याला गरजही नाही आणि मुभाही नाही.

मग अशी ई-मेल येते कशी? बहुतेक वेळा त्यामागे कोणाचा दुष्ट हेतू नसतो. आय-९ अर्जाच्या दुसऱ्या भागात मालकाने कर्मचाऱ्याच्या कागदपत्राचा क्रमांक आणि त्याची मुदत लिहायची असते. आपल्या कार्डाची तारीखही तिथे नऊ वर्षांपूर्वी नोंदली गेली असणार. हल्ली ही नोंद संगणकप्रणालीत असते आणि ती प्रणाली एच-१बी व्हिसावरील कर्मचारी आणि कायम रहिवासी यांच्यात फरक न करता, तारीख जवळ आली की सर्वांना एकच छापील इशारा पाठवते. एच-१बीवरील सहकाऱ्याच्या बाबतीत तो इशारा योग्यच आहे, कारण त्याची काम करण्याची परवानगीच मुदतीची असते आणि ती संपण्यापूर्वी फेरतपासणी करून आय-९च्या पुरवणी 'बी'मध्ये तशी नोंद करणे मालकाला बंधनकारक असते. आपल्याला मात्र तो चुकून आलेला आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की रागावून किंवा घाबरून उत्तर देऊ नये, पण उत्तर लेखीच द्यावे. चार ओळी पुरतात : आपण कायम रहिवासी आहात, रुजू होताना मुदतीतले कायम रहिवासी कार्ड सादर केले होते, आणि एम-२७४ मार्गदर्शिकेच्या फेरतपासणीविषयीच्या प्रकरणानुसार अशा कर्मचाऱ्याची फेरतपासणी करायची नसते. सोबत त्या प्रकरणाची प्रत जोडावी. आपली ई-मेल आणि तिला आलेले उत्तर, दोन्ही घरच्या खात्यावर जपून ठेवावीत. 'एन-४००ची पावती आहे ना, दाखवून मोकळे होऊ' असा मोह आपल्याला होईल आणि दाखवल्याने आपले तसे काही बिघडणारही नाही. तरीही मी तो मार्ग आधी सुचवत नाही, कारण एकदा पावती फाइलला लागली की तिच्यावरची मुदत प्रणालीत जाते आणि पुढे तोच इशारा पुन्हा येऊन थडकतो.

एवढे करूनही कंपनी हटून बसली, तर न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागात स्थलांतरित आणि कर्मचारी यांच्या हक्कांसाठी एक शाखा आहे, इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला आयईआर म्हणतात. तिची कर्मचाऱ्यांसाठीची दूरध्वनी सेवा १-८००-२५५-७६८८ या क्रमांकावर आहे. तिथे नाव न सांगताही विचारता येते आणि पुष्कळदा तिथले कर्मचारी कंपनीला स्वतः फोन करून नियम समजावून सांगतात, तेवढ्यावर प्रकरण मिटते. औपचारिक तक्रार करायची झाल्यास ती घटनेपासून १८० दिवसांच्या आत करावी लागते. इथे एक बारकावा सांगायला हवा, जो आपल्या मंडळींना हमखास लागू पडतो. नागरिकत्वाच्या दर्जावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायद्याने दिलेले संरक्षण अशा कायम रहिवाशाला मिळत नाही, ज्याने नागरिकत्वासाठी पात्र ठरल्यापासून सहा महिन्यांत अर्ज केलेला नाही. साधारणतः पाच वर्षांनी पात्रता येते. पण भारताचे नागरिकत्व सोडावे लागणार, गावाकडच्या शेतजमिनीचे काय होईल, असा विचार करत आपल्याकडे कितीतरी जण दहा वर्षे तशीच काढतात. मूळ देशावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचे संरक्षण त्यांनाही असते आणि फेरतपासणी न करण्याचा नियमही त्यांना लागू राहतो. पण आपली तक्रार कोणत्या कलमाखाली बसते हे दाखल करण्यापूर्वी वकिलाला विचारलेले बरे.

आता आय-९०चे. १२ डिसेंबर २०२२ पूर्वी नियम जाचक होता : कार्डाची मुदत सहा महिन्यांहून कमी उरली असताना एन-४०० भरला, तर नूतनीकरणाचा अर्जही वेगळे शुल्क भरून करावा लागे. त्या तारखेपासून यूएससीआयएसने, म्हणजे नागरिकत्व आणि स्थलांतराचे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी संस्थेने, धोरण बदलले. त्या दिवशी किंवा नंतर दाखल झालेल्या एन-४०० अर्जाची पावती जुन्या कार्डासोबत ठेवली, की कार्डाची मुदत आपोआप २४ महिन्यांनी वाढलेली धरली जाते. हे २४ महिने कार्डाच्या दर्शनी बाजूवर छापलेल्या तारखेपासून मोजायचे, अर्जाच्या तारखेपासून नव्हे. आपली पावती नीट वाचा. मुदतवाढीचे वाक्य तिच्यातच छापलेले असते. ते असेल तर आय-९० भरण्याचे कारण नाही. ऑनलाइन भरला तरी १ एप्रिल २०२४पासून त्याचे शुल्क ४१५ डॉलर आहे आणि ते आपल्या बाबतीत वाया जाईल. कार्ड हरवले, चोरीला गेले किंवा खराब झाले असेल तर गोष्ट वेगळी, कारण पावतीला एकटीला किंमत नाही. ती कार्डाच्या जोडीनेच चालते. अठरा वर्षांवरील कायम रहिवाशाने आपल्या दर्जाचा पुरावा सतत जवळ बाळगावा असा कायदा असल्यामुळे ही जोडी घरच्या कपाटात ठेवून चालणार नाही, हेही लक्षात असू द्या. मूळ पावती घडी न घालता प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावी आणि तिची एक स्वच्छ प्रत निराळी काढून ठेवावी.

यजमानांचा मुद्दा वेगळा आहे तो इथे. नव्या नोकरीत आय-९ नव्याने भरला जातो, तेव्हा त्यांना पुरावा द्यावाच लागेल. अर्जाचा पहिला भाग त्यांनी कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा आणि त्यात कायम रहिवासी असल्याच्या चौकटीवर खूण करायची. कागदपत्रे पाहून दुसरा भाग मालकाने रुजू झाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत पुरा करायचा असतो. मुदत संपलेले कार्ड आणि मुदतवाढ नमूद असलेली एन-४००ची पावती ही जोडी आय-९साठी मान्य कागदपत्रांच्या यादी 'ए'मधील पुरावा म्हणून ग्राह्य आहे. म्हणजे ओळख आणि काम करण्याचा हक्क, दोन्ही तिच्यातून सिद्ध होतात, दुसरे काही लागत नाही.

तरीही एखाद्या छोट्या कंपनीतला कारकून मुदत संपलेले कार्ड पाहून बिचकतो, हे आपण समजू शकतो. त्यासाठी दुसरी वाट मोकळी आहे. यादी 'बी'मधील ओळखीचा पुरावा, म्हणजे राज्याचा वाहन परवाना, आणि यादी 'सी'मधील काम करण्याच्या हक्काचा पुरावा, म्हणजे सोशल सिक्युरिटी कार्ड, असे दोन मिळूनही तेच काम होते. यातली निवड कर्मचाऱ्याची असते. 'आम्हाला ग्रीन कार्डच हवे' असे मालकाला म्हणता येत नाही. या वाटेवर एक खड्डा मात्र आहे. एच-१बीवर आलेल्या बहुतेकांच्या सोशल सिक्युरिटी कार्डावर नावाच्या वर 'व्हॅलिड फॉर वर्क ओन्ली विथ डीएचएस ऑथोरायझेशन' (गृहसुरक्षा खात्याची परवानगी असेल तरच कामासाठी वैध) अशी ओळ छापलेली असते. ग्रीन कार्ड मिळाल्यावरही ते जुने कार्ड तसेच फाइलमध्ये राहते, कारण क्रमांक बदलत नाही आणि कोणाला ते बदलून घेण्याचे सुचत नाही. ती ओळ असलेले कार्ड आय-९साठी यादी 'सी'मध्ये चालत नाही. यजमानांनी आज रात्रीच ते काढून पाहावे. ओळ असेल तर सोशल सिक्युरिटी कार्यालयात कायम रहिवासी दर्जाचा पुरावा दाखवून तोच क्रमांक असलेले, निर्बंधाची ओळ नसलेले कार्ड मागता येते आणि त्यासाठी शुल्क पडत नाही. नव्या नोकरीची तारीख ठरण्याआधी हे झाले तर उत्तम.

२४ महिने संपले आणि तरी एन-४०० प्रलंबितच राहिला, तर यूएससीआयएसच्या संपर्क केंद्राला फोन करून तात्पुरत्या पुराव्याचा आय-५५१ शिक्का मागता येतो. शिक्का मात्र मुदतीचा पुरावा असल्यामुळे नोकरीच्या कागदपत्रांत तो दाखवला तर त्याची फेरतपासणी होते.

प्रश्न : मी टेक्सासमध्ये असते. अमेरिकी नागरिकाशी विवाह झाल्याने मला दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळाले. तीन वर्षे पूर्ण होताच एन-४०० भरणार आहे. मग अटी काढण्याचा अर्ज वगळला तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. वर जे सांगितले त्यातला 'कार्ड संपले तरी दर्जा राहतो' हा भाग आपल्याला लागू नाही, कारण आपला दर्जाच सशर्त आहे. कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत अटी काढण्याचा आय-७५१ अर्ज केला नाही, तर दर्जा जाण्याची आणि देश सोडण्याची कार्यवाही सुरू होण्याची वेळ येऊ शकते. आय-७५१ची पावती सध्या कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवते आणि नोकरीसाठी कार्डासोबत ती चालते. तो अर्ज प्रलंबित असताना एन-४०० भरता येतो, मात्र आय-७५१चा निर्णय नागरिकत्वाच्या निर्णयाच्या आधी किंवा त्याच्यासोबतच व्हावा लागतो.

प्रश्न : माझा शपथविधी झाला, ग्रीन कार्ड तिथेच जमा करून घेतले आणि अमेरिकी पासपोर्ट अजून आलेला नाही. पुढच्या सोमवारी नव्या नोकरीवर रुजू व्हायचे आहे. हातात काहीच नाही असे वाटते.

उत्तर : हातात नागरिकत्वाचे प्रमाणपत्र आहे आणि ते यादी 'सी'मध्ये चालते. सोबत वाहन परवाना न्यावा आणि पहिल्या भागात आता नागरिकाच्या चौकटीवर खूण करावी. पासपोर्टच्या अर्जासोबत मूळ प्रमाणपत्र पाठवावे लागते, त्यामुळे ते आधीच पाठवून झाले असेल, तर परवाना आणि निर्बंधाची ओळ नसलेले सोशल सिक्युरिटी कार्ड या जोडीवर काम भागेल. तेही नसेल, तर रुजू होण्याची तारीख आठवडा-दोन आठवडे पुढे ढकलण्याविषयी कंपनीशी आजच बोलावे. प्रमाणपत्र अजून घरीच असेल, तर पासपोर्टचा अर्ज सोमवारनंतर प्रत्यक्ष जाऊन दाखल करावा.