मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यावर गोळ्या लिहून दिल्यात. घ्याव्यात की नाही?

तुम्ही लिहिलंय की सकाळी एस्सिटालोप्राम (नैराश्यावरची मूळ गोळी) १० मिलिग्रॅम आणि रात्री क्लोनाझेपाम (घबराट कमी करणारी, झोप आणणारी गोळी) ०.२५ मिलिग्रॅम अशी चिठ्ठी पंधरा दिवस तशीच पडून आहे, आणि भीती एकच: सुरू केलं की जन्माची सवय लागेल.

आधी या दोन गोळ्या वेगळ्या करा. सवयीची भीती खरी आहे, पण ती क्लोनाझेपामबद्दल. ही गोळी पहिल्याच रात्री काम करते, म्हणून ती सोडवत नाही. काही आठवडे रोज घेतली की शरीर सरावतं आणि तेवढ्यावर भागेनासं होतं. मूळ औषध लागू पडेपर्यंतची ती कुबडी आहे, साधारण २ ते ४ आठवड्यांची. कधी आणि कशी बंद करायची हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या. एस्सिटालोप्रामची तलफ येत नाही, तोच परिणाम टिकवायला डोस चढवत न्यावा लागत नाही. मात्र एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असा त्रास होऊ शकतो. त्यामुळे 'कधीही सोडा, काही होत नाही' हे कुणी सांगितलं तरी ऐकू नका.

आता घ्यावी का? ते नैराश्य किती खोल आहे यावर ठरतं. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरा. गुण २७ पैकी असतात. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम ते तीव्र, २० किंवा जास्त म्हणजे तीव्र. सौम्य असेल तर आधी समुपदेशन, नियमित व्यायाम आणि झोपेची घडी बसवणं हा रास्त मार्ग आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वंही सौम्य नैराश्यात सरसकट गोळीने सुरुवात करू नका असंच सांगतात. पण अंथरुणातून उठवत नाही, जेवण सुटलंय, काम ठप्प आहे, अशा अवस्थेत नुसतं 'मन रमवा' म्हणणं मला क्रूर वाटतं. तिथे औषधाचा फायदा जास्त स्पष्ट दिसतो. आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर हे उत्तर वाचत बसू नका. आजच डॉक्टरांना किंवा जवळच्या रुग्णालयात गाठा, एकटे राहू नका, घरातल्या सगळ्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात द्या.

सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली नसेल तरी सांगा: कधी सलग काही दिवस झोप जेमतेम, तरी अंगात प्रचंड उत्साह, सुसाट बोलणं, उधळपट्टी असं झालंय का? किंवा घरात कुणाला बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार) आहे का? असेल तर नुसतं नैराश्याचं औषध माणसाला उन्मादात ढकलू शकतं. घेत असलेल्या बाकी गोळ्याही सांगा, आयुर्वेदिक धरून. ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळीसोबत सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक पातळीला वाढू शकतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसोबत रक्तस्रावाची शक्यता वाढते. हृदयाचा त्रास, गर्भधारणा किंवा तिचा विचार, हेही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ तपासलं नसेल तर तपासून घ्या. त्यांच्यातल्या बिघाडाने नैराश्यासारखंच दिसतं.

सर्वांत जास्त लोक घसरतात ते पहिल्या पंधरवड्यात. त्रास आधी येतो, गुण नंतर. मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच, अस्वस्थपणा पहिल्या दिवसापासून सुरू होऊ शकतं आणि बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत ओसरतं. नेमकं तेव्हाच माणूस गोळी टाकून देतो आणि 'मला औषध लागू पडत नाही' असं ठरवून मोकळा होतो. पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम घेऊन मग १० वर जाता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. गुण दिसायला २ ते ४ आठवडे लागतात. बऱ्याचदा झोप आणि भूक आधी सुधारते, मन शेवटी. पुरेशा डोसवर ४ आठवड्यांत तसूभरही फरक नसेल तर डोस किंवा औषध बदलण्याचं बोला. पक्का निकाल ६ ते ८ आठवड्यांनी. वय पंचविशीच्या आत असेल तर सुरुवातीला आणि डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून रोज भेटणाऱ्या एका माणसाला हे सांगून ठेवा.

एक गोष्ट लोक लाजेने बोलत नाहीत: लैंगिक इच्छा कमी होणं, कामपूर्तीला वेळ लागणं. मळमळीसारखं हे आपोआप जाईलच असं नाही, आणि गुपचूप गोळी सोडण्याचं हे मोठं कारण आहे. डोस कमी करून किंवा बुप्रोपिऑन, मिर्टाझॅपिनसारखं दुसरं औषध देऊन मार्ग निघू शकतो, पण त्यासाठी सांगायला हवं.

बरं वाटल्यावर निदान सहा महिने चालू ठेवायची. नैराश्य वारंवार उलटत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. मग हळूहळू उतरायचं. शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान ठेवा: १० वरून ५ वर येणं सोपं जातं, ५ वरून शून्यावर येणं अनेकांना जड जातं. सोडल्यावर दोन-चार दिवसांत चक्कर आणि झटके आले तर तो बहुधा सोडण्याचा त्रास. काही आठवड्यांनी उदासी हळूहळू पसरू लागली तर आजार उलटल्याची शंका घ्या.

आणि नको असं ठरवलंत तर चिठ्ठी नुसती खणात टाकू नका. डॉक्टरांना तसं सांगा, पर्यायी उपचार सुरू करा आणि चार आठवड्यांनंतरची तारीख घ्या. त्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा भरा. गुण तिथेच असतील किंवा वाढले असतील, तर त्याच भेटीत गोळीचा विषय परत काढा.