पावसाळाभर शेडमध्ये उभी असलेली जेट स्की काढताना बॅटरी चार्ज केली की पुरे का?

नाही, पुरत नाही. तुम्ही लिहिलंय की देवबागच्या होमस्टेसाठी जुनी यामाहा व्हीएक्स घेतली, मे अखेरीला झाकून ठेवली, आता १ सप्टेंबरला काढायची आहे आणि ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, बॅटरी चार्ज करा, पेट्रोल टाका, सेल्फ मारा. हे वाक्य मी आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकत आलोय, म्हणून लिहायला बसलो.

तारकर्लीला माझा आणि माझ्या मामेभावाचा भागीदारीत वॉटर स्पोर्ट्सचा धंदा आहे. राइडचं आणि गिऱ्हाइकांचं तो बघतो, मशीन मी बघतो. त्याचं म्हणणं एकच: “सुरू झाली काय झाला, आणि काय व्हया तुका?”

एका वर्षी वॉटर स्पोर्ट्सवरची पावसाळी बंदी उठली आणि लगेच कोल्हापूरचा एक मोठा ग्रुप आला. मी मालवणला स्पार्क प्लग आणायला गेलो होतो. जाताना सांगून गेलो होतो की मी येईपर्यंत मशीनला हात लावू नका. भावाला दम धरवला नाही. त्याने फ्लशिंगच्या कपलिंगला, म्हणजे इंजिन आतून गोड्या पाण्याने धुवायच्या तोंडाला, होज जोडला, नळ सोडला आणि मग सेल्फ मारायला घेतला. बॅटरी अर्धवट चार्ज झालेली, टाकीत मे महिन्यातलं पेट्रोल. इंजिन फिरतंय, पेट घेत नाही. हा पुन्हा मारतोय, थांबतोय, पुन्हा मारतोय, आणि नळ तसाच चालू. शेवटी “ठक्” असा आवाज झाला आणि सेल्फ जागीच अडकला. भावाने ठरवलं की बॅटरी बसली. मी पोचलो तेव्हा तो बोलेरोचं बॉनेट उघडून जंपर केबल लावायच्या तयारीत होता.

मी केबल हातातून काढून घेतल्या. सगळे प्लग काढले, कॉइलचे कनेक्टर सोडवले, भोकांवर फडकं धरलं आणि हळूच सेल्फ दिला. फडकं उडालं आणि पाण्याची धार थेट वरच्या पत्र्यावर आपटली. ती आमच्या विहिरीच्या पाण्याची धार होती, सिलिंडरमधून आलेली. कोल्हापूरची मंडळी बघत उभी होती.

याचं कारण साधं आहे. इंजिन चालू असतं तेव्हा थंड करायला आलेलं पाणी एक्झॉस्टच्या दाबाने बाहेर फेकलं जातं. इंजिन बंद असेल आणि नळ चालू असेल, तर ते पाणी वॉटरबॉक्समध्ये, म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेवरच्या डब्यात, साचतं, चढत जातं आणि एक्झॉस्टच्या वाटेने उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला की अडकतो. त्याच क्षणी बोलेरोच्या बॅटरीचा जोर दिला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता, आणि मग नवं इंजिन किंवा भंगारवाला. म्हणून आधी इंजिन सुरू, लगेच पंधरा सेकंदांच्या आत नळ. बंद करताना आधी नळ बंद, मग दोन-चार वेळा थोडं थ्रॉटल देऊन आतलं पाणी उडवायचं, मग इंजिन बंद. हा क्रम यामाहाच्या मॅन्युअलमध्येच छापलेला आहे, माझ्या डोक्यातून निघालेला नाही.

पुढे डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढली तर ऑइल दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. सिलिंडरमध्ये ऑइल सोडलं, इंजिन ऑइल बदललं, थोडा वेळ चालवलं, पुन्हा बदललं, रंग स्वच्छ येईपर्यंत. हे त्याच दिवशी करावं लागतं, रात्रभर ठेवलं तर सिलिंडरच्या भिंती गंज धरतात. इंजिन वाचलं. ग्रुप मात्र शेजारच्याकडे गेला आणि घरी बोलणी मी खाल्ली की याने सीझनच्या तोंडावर मशीन खोलून ठेवली. भाऊ आजही म्हणतो की बॅटरीच कमजोर होती. मामाही त्याचीच री ओढतो. वाईट याचं वाटतं की मामा स्वतः तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, होता. शाकारून ठेवलेली होडी नारळी पुनवेच्या सुमारास काढताना फळ्यांच्या प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवल्याशिवाय त्याने ती कधी पाण्यात लोटली नाही. तेव्हा घरात कोणी त्याला वेळकाढू म्हटलं नाही.

आता तुमच्या मशीनचं. परदेशी व्हिडिओ बघून अँटिफ्रीझच्या मागे लागू नका. तिकडे हिवाळ्यात आतलं पाणी गोठून ब्लॉक फुटतो म्हणून ते घालतात. आपल्याकडे तीन महिने खारा दमट वारा लागतो आणि नुकसान होतं ते गंजाने, उंदरांनी आणि पेट्रोलने. टाकीत मेचं पेट्रोल असेल तर सगळं उपसा. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि या इंजिनांचं मॅन्युअल १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल म्हणतं. इथेनॉल हवेतली ओल खेचून घेतं आणि जास्त झाली की पाण्याबरोबर तळाशी बसतं, म्हणजे मशीनचा पेट्रोल पंप पहिल्यांदा तेच ओढतो. पटत नसेल तर काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा, पाणी सुटलं असेल तर खालचा थर वेगळा दिसेल. मी मे महिन्यातच टाकी रिकामी करतो.

बॅटरी चार्जरवरून काढून काही तास तशीच ठेवा आणि मग मोजा. १२.६ व्होल्टच्या खाली उतरली असेल तर बदला, समुद्रात मध्येच दगा देणाऱ्या बॅटरीवर पैसे वाचवू नका. सेल्फ मारण्याआधी सीट काढून थोडा वेळ पेट्रोलची वाफ जाऊ द्या आणि टॉर्च घेऊन वायरिंग कुरतडलंय का ते बघा.

कूलिंगचं पाणी बाजूने ज्या भोकातून पिचकारीसारखं उडतं, त्यात तार घालून बघाच. आमच्या एका मशीनला इंजिन चालू, नळ चालू आणि पिचकारी गायब. भाऊ म्हणाला, कूलिंग गेलं. मी तार घातली तर सुकी माती निघाली आणि मातीबरोबर लुळे पडलेले कोळी. कुंभारीण माशीने घर केलं होतं. ती पिलांसाठी कोळी बधिर करून आत कोंडून ठेवते.

मागून इम्पेलर, म्हणजे पाणी मागे फेकणारा पंखा, बघा. सुनामी बेटाजवळच्या उथळ पाण्यात चालवलेल्या मशीनमध्ये वाळू शिरलेली असते. पात्यांची कड खरवडलेली असेल किंवा कडेची फट वाढलेली असेल, तर आवाज वाढतो, वेग वाढत नाही. शाफ्टला जाळ्याचा नायलॉन गुंडाळलेला असतो, तो कापून काढा. पुढेही तळाखाली निदान ६० सेंटिमीटर पाणी असल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. लॅनयार्ड (चालवणाऱ्याला बांधलेली, पडल्यावर इंजिन बंद करणारी दोरी) ओढल्यावर इंजिन झटक्यात बंद पडतं का, हे जमिनीवरच तपासा. हे जमत नसेल तर बाकी सगळं ठीक असूनही मशीन बाहेर काढायची नाही.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं यामाहासाठी आहे, जिच्यात बाहेरचंच पाणी इंजिनातून फिरतं. पुढेमागे सी-डू, म्हणजे दुसऱ्या कंपनीची जेट स्की, घेतलीत तर तिच्या इंजिनाला गाडीसारखं कूलंट असतं, त्याची पातळी वेगळी बघावी लागते, पण एक्झॉस्टला बाहेरचंच पाणी लागतं, त्यामुळे नळाचा क्रम तोच. आणि तुमची मशीन जुनी घेतलेली आहे, तेव्हा आधीच्या मालकाने काय केलंय ते प्लग काढल्याशिवाय कळणार नाही. प्लगवर लाल गंज दिसला तर सेल्फ मारू नका, आधी माणूस बोलवा. मात्र बॅटरी चार्ज करा म्हणणारा तो मेकॅनिक नको.

पहिली फेरी कर्लीच्या खाडीत एकट्याने मारा, कमी थ्रॉटलवर, पिचकारीकडे लक्ष ठेवून. मागचे ड्रेन प्लग घट्ट केल्याची स्वतः खात्री करा. परत येऊन सीट उघडा आणि तळाशी हात घालून बघा. पाणी लागलं तर कुठून आलं ते सापडेपर्यंत पाहुण्यांना किनाऱ्यावरच थांबवा.