साथीमुळे ट्रिप रद्द करावी लागतेय, एजंट म्हणतो पैसे नाही, क्रेडिट नोट (म्हणजे पुढच्या बुकिंगला वापरायची रक्कम) घ्या. काय करू?

सगळ्यात आधी, घाबरून लगेच स्वतःहून कॅन्सल करू नका. आमच्या घरात मार्च २०२० मध्ये दोन्ही प्रकार झाले म्हणून एवढं कळवळून सांगतेय. एप्रिलची केरळ ट्रिप होती, दोन कुटुंबं, बुकिंग जानेवारीतलं. काकांनी १८ मार्चला टेन्शनमध्ये स्वतःची तिकिटं कॅन्सल केली, माणशी तीन हजार कापले गेले. आमची तशीच राहिली, मग २५ मार्चपासून लॉकडाऊन लागला, फ्लाइटच बंद, म्हणजे कॅन्सल कंपनीने केली, आम्ही नाही. सगळा फरक इथेच पडतो. रेल्वेनेही तेव्हा हेच सांगितलं होतं की रद्द झालेल्या गाडीचं ई-तिकीट तुम्ही कॅन्सल करू नका, पूर्ण पैसे आपोआप खात्यात येतील, स्वतः केलंत तर कमी मिळू शकतात.

आम्हालाही एजंटने क्रेडिट नोटच पुढे केली, सहा महिने फोनवर नुसतं "वरून आले नाहीत". मग १ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. लॉकडाऊनमध्ये त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे तीन आठवड्यांत परत, आणि आमच्यासारखं आधीचं बुकिंग असेल तर १५ दिवसांत, एअरलाइनकडे पैसेच नसतील तर ३१ मार्च २०२१ पर्यंतचा क्रेडिट शेल, म्हणजे तेवढ्याच रकमेची पुढच्या तिकिटासाठीची जमा, तोही दुसऱ्याच्या नावावर करता येणारा. एजंटकडे आलेला रिफंड त्याने लगेच प्रवाशाला द्यायचा हेही त्यात होतं. मी तेवढाच मुद्दा ईमेलमध्ये लिहून पाठवला आणि नवव्या दिवशी फ्लाइटचे पैसे जमा झाले. तो निकाल त्या लॉकडाऊनपुरता होता, आज तसाच्या तसा लागू होणार नाही, पण फोनवर भांडण्यापेक्षा लेखी मागा, हे आजही तितकंच खरं.

आता तुमचं. एजंटला ईमेलवर विचारा की फ्लाइटचे किती, हॉटेलचे किती आणि कोणाचे पैसे कोणाकडे अडकलेत, कारण पॅकेजचा एकच आकडा दिला की सगळं त्यात लपतं. फ्लाइट शेवटपर्यंत चालूच राहिली तर मात्र नो-शो (कॅन्सल न करता नुसतं गैरहजर राहणं) होऊ देऊ नका, आदल्या दिवशी कॅन्सल करा आणि भाडं नॉन-रिफंडेबल असलं तरी एअरपोर्टचे टॅक्स मागून घ्या. इन्शुरन्सवर फार विसंबू नका, नुसत्या भीतीने ट्रिप रद्द केली तर बहुतेक पॉलिसी काही देत नाहीत. हॉटेलवाल्याशी मात्र प्रेमाने बोला, आमच्या मुन्नारच्या होमस्टेवाल्या बाईंनी अर्धे पैसे परत दिले, उरलेल्यावर आम्ही २०२२ ला जाऊन राहिलो, त्यांचं तर पूर्ण वर्ष बुडालं होतं.

एजंटने उत्तरच दिलं नाही तर १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवा. त्यानेही हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, ऑनलाइन अर्ज करता येतो, वकील लागतोच असं नाही आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही.