कारखान्यातून निघाली तशी : जुन्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंजिन उतरवताना बॉनेटखालचे सगळे नट-बोल्ट काढून एका डब्यात टाकले. आता ते एकदमच पिवळ्या झिंक प्लेटिंगला द्यायचे आहेत. मित्र म्हणतो, सगळे सोनेरी दिसले तर स्पर्धेत परीक्षक गुण कापतील. खरे का?

उत्तर : मित्राचे बरोबर आहे. पण प्लेटिंगच्या आधी तुमची चूक झाली ती डब्यात. गाडीवरचे बोल्ट एकाच घाण्यातून निघालेले नसतात. इंजिनवरचे बरेचसे काळसर फॉस्फेटच्या लेपाचे, बॉडीवरचे चंदेरी झिंकचे किंवा कॅडमियमचे, कार्ब्युरेटर-डायनॅमोसारख्या बाहेरून तयार येणाऱ्या भागांवर त्या त्या पुरवठादाराचा लेप. जिथे इंजिन जोडून झाल्यावर रंगवले जाई, तिथे बोल्टच्या डोक्यावरही इंजिनचाच रंग. एका बॉनेटखाली तीन-चार छटा दिसणे हेच मूळ रूप आहे.

डबा आता निवडावा लागेल. बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून मऊ ब्रशने धुवा. तारेचा ब्रश अजून लावू नका. मूळ लेप डोक्यावर नाही, डोक्याच्या खालच्या बाजूला आणि वॉशरच्या पोटाशी टिकतो. तिथे उजेडात तिरके धरून पाहा. फॉस्फेट करडे-काळे आणि बिनचमकीचे असते, साधे झिंक निळसर चंदेरी, कॅडमियम किंचित पिवळट आणि मऊ चकाकीचे. पिवळ्या क्रोमेटवर, म्हणजे झिंकवर चढवलेल्या पिवळ्या थरावर, तेलाच्या तवंगासारखे रंग खेळतात. कॅडमियम विषारी आहे. असा बोल्ट घासू नका, ग्राइंडरला लावू नका, तापवू नका.

प्लेटिंगवाल्याला तीन गोष्टी बजावून सांगा. पहिली, बोल्ट काचमण्यांच्या माऱ्याने साफ केले तर त्यावरचे झिंक मळकट, खरबरीत दिसते. गंज गेल्यावर तारेच्या चाकावर हलके पॉलिश करूनच टाकीत सोडायचे. दुसरी, थर 5 ते 8 मायक्रॉनच्या पुढे नको. 60 अंशांच्या आट्यावर थराच्या चौपट जाडी वाढते. 8 मायक्रॉन झिंक म्हणजे आट्याच्या व्यासात 32 मायक्रॉन. मग नट हाताने फिरत नाही आणि लोक नटाला दोष देतात.

तिसरी गोष्ट शोभेची नाही, जिवाची आहे. आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो. साध्या बोल्टला फरक पडत नाही, पण ताकदीच्या वर्गाचा 10.9 हा छाप असलेला किंवा डोक्यावर सहा रेघा असलेला (अमेरिकी प्रमाणातला एसएई ग्रेड 8) कडक बोल्ट कसल्यानंतर काही तासांनी, कधी काही दिवसांनी, आगाऊ सूचना न देता तुटतो. म्हणून प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत तो भट्टीत जायला हवा आणि 190 ते 220 अंश सेल्सियसवर किमान चार तास राहायला हवा. पिवळे क्रोमेट भट्टीनंतर चढवायचे, कारण तो थर एवढी उष्णता सोसत नाही. स्प्रिंगांनाही हाच नियम. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट तर प्लेटिंगला देऊच नका.

फॉस्फेटचे बोल्ट वेगळे काढून फॉस्फेटच करून घ्या, आणि लगेच तेलात बुडवा. कोरडे फॉस्फेट दमट हवेत गंजते.

प्रश्न : 1968 च्या अमेरिकन गाडीसाठी इंजिन ब्लॉक मिळतो आहे. त्यावर ओतीव अक्षरांत ‘J 14 7’ आहे. विकणारा सप्टेंबर म्हणतो, दुसरा एक जण ऑक्टोबर. कोण खरे?

उत्तर : ब्लॉक कोणाचा, त्यावर ठरते. जनरल मोटर्सच्या ओतकामात आधी महिन्याचे अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा असतो. अक्षरे A ते L सलग, त्यात I म्हणजे सप्टेंबर. तुमच्या ब्लॉकवर हाच क्रम आहे, म्हणून तो 14 ऑक्टोबरचा. फोर्ड मात्र I वगळते, म्हणून तिथे J म्हणजे सप्टेंबर, आणि क्रमही वेगळा : वर्ष, महिना, दिवस, जसे ‘7J14’. विकणाऱ्याच्या डोक्यात फोर्डचा तक्ता असावा.

7 म्हणजे 1967 की 1957, हे तारखेवरून कळत नाही. त्यासाठी ओतकामाचा क्रमांक, म्हणजे ब्लॉकवरच ओतलेला त्या भागाचा क्रमांक, पाहावा लागतो. ओतकामाची तारीख गाडी जोडल्याच्या तारखेआधीची हवी. एक दिवस जरी नंतरची निघाली, तरी तो ब्लॉक त्या गाडीचा नव्हे. आकडे नव्याने कोरलेले वाटले तर बोट फिरवून पाहा : ओतीव अक्षराची कड गोलसर असते, भोवतालचा पृष्ठभाग वाळूच्या साच्याने खरबरीत झालेला असतो. अक्षराभोवती पट्टी गुळगुळीत लागली तर तिथे कोणीतरी घासले आहे.

प्रश्न : 1955 च्या ब्रिटिश गाडीला नवे फुलीच्या खाचेचे स्क्रू लावले. चालतील ना?

उत्तर : डोके पाहा. फुलीच्या चार भुजांच्या मधोमध आणखी चार बारीक रेघा असतील तर तो पोझिड्राइव्ह आहे, आणि तो 1962 चा. 1955 च्या गाडीत तो असूच शकत नाही. नुसती फुली असलेला फिलिप्स 1930 च्या दशकातला. पण तुमच्या गाडीत कुठे फिलिप्स आणि कुठे सपाट खाच, हे सुट्या भागांच्या पुस्तकातून ताडून घ्या. काही जण सपाट खाचा एका रेषेत आणून ठेवतात. साध्या असेंब्ली लाइनवर एवढा वेळ कोणाकडे होता?

आटेही तपासा. 5/16 इंची बीएसएफ (जुने ब्रिटिश बारीक आटे) म्हणजे इंचाला 22 आटे, यूएनएफ (नंतरचे समाईक बारीक आटे) म्हणजे 24. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावला की आटे गेले. डोक्यावर गोल खळगा किंवा कडेवर जोडलेली वर्तुळे असतील तर तो यूएनएफ.

प्रश्न : त्याच गाडीचे वायरिंग नवे घेताना काय पाहावे?

उत्तर : आधी जुन्या वायरवर सुती विणीचे वेष्टण आहे का पाहा, असेल तर नवेही तसेच मागवा. लुकास या ब्रिटिश विद्युत-भाग कंपनीच्या पद्धतीत तपकिरी वायर बॅटरीची फ्यूजविना थेट, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, काळी अर्थची. वायरी बांधायला नायलॉनच्या पट्ट्या नकोत. त्या 1958 मध्ये विमानांसाठी निघाल्या. अर्थ पॉझिटिव्ह असेल, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असेल, तर तसाच ठेवा. एमजी बीसारखी गाडीही 1967 च्या अखेरच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत पॉझिटिव्ह अर्थचीच होती. इलेक्ट्रॉनिक उपकरण जोडण्यापूर्वी हे विसरलात तर ते जळेल.

प्रश्न : सस्पेन्शनच्या नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका सापडला. तसे ठिपके सगळीकडे द्यावेत का?

उत्तर : नाही. नट कसून तपासला, एवढीच त्याची खूण. जिथे सापडला तिथेच, त्याच आकाराचा द्या. बाकीच्या जागा धुण्याआधी शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. ठिपका घाईत ओढलेल्या ब्रशचा असतो. चिकटपट्टी लावून कापलेले सुबक वर्तुळ केले की तो खोटा आहे हे लांबूनही कळते.